छंद घराचा कीं बाजाराचा?

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या हायस्कुलाचे एक माजी विद्यार्थी आपल्या अकरा वर्षांच्या मुलास घेऊन शाळा पाहावयास आले होते. हे गृहस्थ गेलीं कित्येक वर्षें नोकरीनिमित्त अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत सहकुटुंब राहतात. शिक्षकांच्या खोलींत चहापान चाललें असतां त्या मुलानें आपल्या पिशवींतून एक जाड वही काढून आमच्यापुढें ठेविली. वहीच्या प्रत्येक पानास पारदर्शक कप्पे, ओळींत तीन याप्रमाणें नऊ, आणि प्रत्येक कप्प्यांत एक कार्ड. पुढच्या बाजूस बेसबॉल खेळणाऱ्या कोणा पुरुषाचें रंगीत चित्र आणि पाठीमागें बारीक अक्षरांत आंकड्यांचें कोष्टक. मुलगा एकेका कार्डावर बोट ठेवून त्या त्या खेळाडूची हकीकत अशी सांगूं लागला कीं, आमच्या वर्गांत शिवछत्रपतींच्या किल्ल्यांचीं नांवेंदेखील कोणी इतक्या अस्खलितपणें सांगत नाहीं.

पाहुणे गेल्यावर खोलींत दोन तट पडले. एका वडील शिक्षकबंधूंचें म्हणणें असें पडलें कीं, बंद पाकीट विकत घ्यावयाचें, आंत काय निघेल तें ठाऊक नाहीं, निघालें तर निघालें, ह्यास जुगार नाहीं तर काय म्हणावें? आणि ख्रिस्ती घरांत वाढलेल्या बापानें हें मुलास शिकवावें, ही केवढी शोचनीय गोष्ट! दुसरे एक तरुण मास्तर म्हणाले कीं, दिवसभर मोबाईलच्या कांचेकडे डोळे लावून बसण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. निदान बाप व लेक एका मेजाशीं तरी बसतात. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. ह्या बाबतींत आमच्याकडे एक जुनें देणें आहे व तें आठवून आमची जीभ जड झाली होती. त्याविषयीं पुढें येईलच. तथापि त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनांतून गेला नाहीं. बरेंच वाचिलें, विचारिलें, आणि जें मत बनलें तें मॅगझीनच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

ह्या कार्डांचा जन्म शाळेंत झाला नाहीं, क्रीडांगणावरही झाला नाहीं. तो तंबाखूच्या धंद्यांत झाला, ही गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटांतून विकल्या जात. त्या वाटेंत मोडूं नयेत म्हणून पाकिटांत पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालीत, आणि त्या तुकड्यावर चित्र छापिलें तर गिऱ्हाईक पुन्हां येईल, ही युक्ति लवकरच व्यापाऱ्यांस सुचली. रिचमंड शहरच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनें १८८७ सालीं जगज्जेत्या खेळाडूंची पन्नास चित्रांची एक माला काढिली. तींत दहा बेसबॉलपटु होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनें आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर शेंकडों बेसबॉलपटूंचे लहान लहान फोटोग्राफ दिले. आमच्या वाचकांस मौज वाटेल कीं, ह्याच सिगारेटीच्या कार्डांत बिली संडे ह्याचेंही कार्ड आहे! हा गृहस्थ शिकागो संघाचा चपळ खेळाडू असतां १८८६ च्या सुमारास तेथील पॅसिफिक गार्डन मिशनमध्यें त्याचें मन पालटलें, १८९१ सालीं त्यानें भर पगाराचा खेळ सोडून दिला, आणि पुढें दारूबंदीचा पुरस्कार करणारा त्या देशांतला सर्वांत गाजलेला सुवार्तिक झाला. व्यसनाविरुद्ध आवेशानें बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एके काळीं सिगारेटीच्या पाकिटांतून घरोघर गेला होता. प्रभु कोणाला कोठून उचलून घेईल ह्याचा नेम नाहीं, असो.

तंबाखूच्या संबंधानें दुसऱ्या एका कार्डाची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १९०९ ते १९११ ह्या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें पांचशेंवर चित्रांची एक मोठी माला काढिली. तींत पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा अत्यंत नामांकित खेळाडू होता. १९३६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत जे पहिले पांच पुरुष निवडले गेले त्यांत त्याचें नांव आहे. ह्या वॅग्नरनें आपलें चित्र छापूं देण्यास मनाई केली व छपाई थोडक्यांतच थांबली. आपल्या चित्राच्या लोभानें लहान मुलांनीं सिगारेटी विकत घ्याव्या हें त्यास रुचलें नाहीं असें कांहीं म्हणतात. त्यास पैसे मिळाले नाहींत म्हणून तो रुसला असें दुसरे म्हणतात. वॅग्नर स्वतः तंबाखू खात असे, त्यामुळें पहिल्या मतावर शंका घेणारे पुष्कळ आहेत. आमचें मन पहिल्या मताकडे झुकतें. स्वतःस व्यसन असलेला माणूसच पुष्कळदां मुलांना त्यापासून दूर ठेवण्यास अधिक झटतो. आमच्या वस्तींत असे बाप आम्हीं पाहिले आहेत. कारण कांहीं असो, त्या कार्डाच्या साठांच्या आंतबाहेरच प्रती आज जगांत ठाऊक आहेत, आणि २०२१ च्या ऑगस्टांत त्यांतील एक ६६ लाख डॉलरांस विकली गेली.

पुढें तंबाखूची जागा मिठाईनें व च्युइंगमनें घेतली व कार्ड खऱ्या अर्थानें मुलांच्या हातीं आलें. पण व्यापार तो व्यापारच. १९३३ सालीं बोस्टनच्या गौडी कंपनीनें २४० कार्डांची माला काढिली, तींत १०६ क्रमांकाचें कार्ड मुळीं छापिलेंच नव्हतें. मुलें बिचारीं तें एक कार्ड मिळेल ह्या आशेनें पैशामागून पैसा खर्चीत राहिलीं. तक्रारींचीं पत्रें आलीं तेव्हां कंपनीनें पुढच्या वर्षीं नॅप लाजॉय नांवाच्या जुन्या खेळाडूचें कार्ड त्या क्रमांकानें छापून ज्यांनीं तक्रार केली त्यांसच तेवढें टपालानें पाठविलें. ज्या मुलास पत्र लिहितां आलें नाहीं, त्याची माला अपुरीच राहिली! येथें आमचे वडील शिक्षकबंधु म्हणतात तें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. बंद पाकिटाच्या विक्रींत जुगाराचा अंश आहे. तो आज कमी झाला नाहीं, उलट वाढला आहे. हल्लीं कांहीं कार्डें मुद्दाम दहा, पांच किंवा एकच छापून हजारों पाकिटांतून लपवून ठेवितात, आणि मोठीं माणसें त्या एकासाठीं पेटारेच्या पेटारे फोडितात. २०२१ च्या मे महिन्यांत अशा कार्डांवरून एका दुकानाबाहेर मारामारी झाली, तेव्हां देशभर शाखा असलेल्या त्या मोठ्या दुकानानें कांहीं काळ हीं कार्डें दुकानांत विकणेंच बंद केलें. ह्यावर आम्हीं आमच्या माजी विद्यार्थ्यास स्पष्ट विचारिलें. ते म्हणाले, “सर, आमच्या घरीं वाढदिवशीं व नाताळांत मिळून वर्षाला तीनच पाकिटें. बाकी सगळें अदलाबदलीनें.” हा नेम आम्हांस आवडला.

आतां त्या कार्डाच्या पाठीकडे वळूं, कारण गणिताच्या शिक्षकास चित्रापेक्षां तीच अधिक मोहक वाटते. १९५२ सालीं ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें ४०७ कार्डांची जी माला काढिली, तिची मांडणी साय बर्गर नांवाच्या तिच्या एका नोकरानें आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतील मेजावर बसून केली होती. त्या मालेपासून पाठीवर खेळाडूच्या गेल्या वर्षीच्या व सबंध कारकीर्दीच्या आंकड्यांचें कोष्टक छापण्याची रीत रूढ झाली. क्रिकेटमध्यें फलंदाजाची सरासरी काढितांना धावांस तो किती वेळां बाद झाला त्या संख्येनें भागितात. बेसबॉलमध्यें यशस्वी फटक्यांस मारण्याच्या संधींनीं भागितात व उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत घेतात. दहांपैकीं तीन वेळां यश आलें तर तो चांगला खेळाडू समजतात. म्हणजे दहांपैकीं सात वेळां अपयश घेऊन मान ताठ ठेवणें हें त्या खेळाचें पहिलें शिक्षण होय.

आमचे हे गृहस्थ क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉलचें एक अक्षर त्यांस येत नव्हतें. मुलगा सात वर्षांचा असतां शाळेंतून दोन कार्डें घेऊन आला व “बाबा, ह्याचा अर्थ काय?” म्हणून विचारूं लागला. बापास सांगतां येईना. मग दोघेही एका मेजाशीं बसून शिकले. परदेशांत राहणाऱ्या बापास मुलाच्या जगांतील पुष्कळ गोष्टी परक्या असतात. मुलगा पुढें पळतो, बाप मागें राहतो, आणि मग बापानें रागावावें व मुलानें लपवावें असें पुष्कळ घरीं होतें. ह्या घरीं एका विषयांत तरी दोघे एकाच इयत्तेंत बसले. आमच्या समजुतीप्रमाणें ह्या छंदाचें खरें मोल येथें आहे. मुलास आपल्याहून कमी येतें हें पाहून बाप शिकवितो, ह्यांत नवल नाहीं. पण मुलाबरोबर चुकत चुकत शिकणारा बाप मुलास फार वेळां पाहावयास मिळत नाहीं.

त्या मुलानेंच आम्हांस टेड विल्यम्सचें उदाहरण घातलें. १९४१ च्या सप्टेंबरांत, वर्षाच्या शेवटच्या दिवसाआधीं, विल्यम्सनें ४४८ संधींत १७९ फटके मारिले होते. भागाकार करून पाहा: ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत घेतल्यास तो ०.४०० होतो, आणि चारशें हा त्या खेळांतील हिमालय. शेवटच्या दिवशीं खेळूं नकोस, घरीं बस, विक्रम तुझाच आहे, अशी मुभा त्यास होती. तो दोन्ही सामने खेळला. आठ संधींत सहा फटके मारून त्यानें वर्ष ०.४०६ वर संपविलें. “सर, तो बसला असता तर त्याचा आंकडा खरा असता कीं खोटा?” असें त्या मुलानें विचारिलें. आम्हीं हाच प्रश्न दुसऱ्या दिवशीं सातवीच्या वर्गांत फळ्यावर लिहिला. आसन्न किंमतीच्या धड्यावर इतका कडाक्याचा वाद आमच्या नोकरींत कधीं झाला नव्हता.

आंकड्यांप्रमाणेंच, कोणाचे आंकडे छापिले गेले नाहींत, हेंही कार्डें शिकवितात. १९४७ पूर्वीं त्या देशांतील मोठ्या संघांतून काळ्या वर्णाच्या माणसास खेळूं देत नसत. जॉश गिब्सन हा त्या काळचा महान् फलंदाज, पण अमेरिकन मुलांच्या गमच्या पाकिटांत त्याचें कार्ड तो जिवंत असेतों निघालें नाहीं. १९४७ च्या जानेवारींत तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, १५ एप्रिल रोजीं, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानांत उतरला. त्यास आणणारा ब्रँच रिकी हा आईस दिलेल्या वचनामुळें रविवारचे सामने वर्ज्य करणारा मेथॉडिस्ट गृहस्थ होता. काळ्या लोकांच्या त्या निराळ्या संघांचे आंकडे अधिकृत नोंदींत मिळविण्यास २०२४ साल उजाडावें लागलें, आणि तेव्हां सबंध कारकीर्दीच्या सरासरींत गिब्सनचें नांव सर्वांच्या वर गेलें. ज्या वहींत गिब्सनचा कप्पा रिकामा आहे ती वही पाहून मुलानें “कां?” असें विचारिलें, तर कोणत्या बापानें उत्तर टाळावें? आणि आपल्या देशांतील बापांनीं तर तें मुळींच टाळूं नये. कोणाकोणाचे कप्पे आपण रिकामे ठेविले हें आपणांस चांगलें ठाऊक आहे.

आतां अदलाबदलीकडे येऊं. ह्या कुटुंबांत घडलेली एक गोष्ट त्या गृहस्थांनीं आम्हांस संकोचानें सांगितली व त्यांच्या अनुमतीनेंच ती येथें देत आहों. मुलगा नऊ वर्षांचा असतां शेजारच्या सात वर्षांच्या मुलानें त्याला केन ग्रिफी ज्यूनियर ह्याचें १९८९ सालचें कार्ड दिलें व मोबदला म्हणून न्यूयॉर्क यांकीज् संघाचीं तीन चकचकीत कार्डें घेतलीं. ग्रिफीचें तें कार्ड पुष्कळ पैशांचें होतें, आणि हीं तीन कवडीमोलाचीं. मोठ्याला हें ठाऊक होतें, धाकट्यास नव्हतें. रात्रीं जेवतांना गोष्ट बाहेर आली. आई म्हणाली, परत देऊन ये. बाबा म्हणाले, तेथील मुलांत झालेली अदलाबदल मोडीत नाहींत, मोडली तर उद्यां ह्याच्याशीं कोणी व्यवहार करणार नाहीं. आई म्हणाली, मग न करोत. दोन दिवस घरांत ह्याविषयींच बोलणें. शेवटीं मुलगा कार्ड घेऊन शेजारीं गेला, त्यानें किंमत खरी खरी सांगितली व कार्ड पुढें केलें. तों धाकटा रडूं लागला! त्यास ग्रिफी नको होता. त्यास आपल्या आवडत्या संघाचीं तीन चकचकीत कार्डेंच हवीं होतीं, आणि तीं परत जातात कीं काय म्हणून तो घाबरला होता. धाकट्याच्या आईस बोलाविलें. तिनेंही किंमत ऐकून घेतली, मुलास पुन्हां विचारिलें, आणि अदलाबदल होती तशीच ठेविली.

“तर मग सर, अन्याय कोठें झाला होता?” असें आमच्या माजी विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें. आम्हांस एकदम उत्तर देतां आलें नाहीं. आज आम्हांस असें वाटतें कीं, अन्याय कार्डांत नव्हता, न सांगण्यांत होता. पहिल्या दिवशीं व तिसऱ्या दिवशीं कार्डें त्याच हातांत होतीं. पण पहिल्या दिवशीं एकास ठाऊक होतें व दुसऱ्यास नव्हतें, तिसऱ्या दिवशीं दोघांसही ठाऊक होतें. आमचे वडील शिक्षकबंधु ह्यावर म्हणतात कीं, सात वर्षांच्या मुलास कसलें कळणें! त्यांचाही मुद्दा सोडून देण्यासारखा नाहीं, आणि म्हणूनच त्या आईस बोलावणें आम्हांस योग्य वाटलें. परंतु नीतीचा असा धडा पुस्तकांतून देण्यास आम्हीं किती वर्षें घालविलीं व मुलें किती जांभया देत बसलीं, हें आमचें आम्हांस ठाऊक. येथें सबंध घर दोन रात्री जागलें.

छंदाचा घात किंमत करिते. १९५२ सालच्या त्या मालेंतील शेवटचीं कार्डें उशिरा निघालीं, विकलीं गेलीं नाहींत, कोठींत पडून राहिलीं. तेव्हां १९६० सालीं तींच कार्डें पडावांत भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढें समुद्रांत बुडविलीं, असें साय बर्गर पुढें सांगत असे. त्यांत मिकी मँटल ह्याचें ३११ क्रमांकाचें कार्ड होतें. त्याचीच एक उत्कृष्ट प्रत २०२२ च्या ऑगस्टांत १ कोटि २६ लाख डॉलरांस विकली गेली. जी वस्तु एका पिढीनें कचरा म्हणून समुद्रांत टाकिली, तिच्यासाठीं दुसरी पिढी राजवाड्याचें मोल देते! घरोघरच्या आयांनींही मुलें कॉलेजांत गेल्यावर जोड्यांच्या खोक्यांत भरलेलीं कार्डें केरांत टाकिलीं, आणि तींच दुर्मिळ झालीं. हें पाहून १९८० नंतरच्या दशकांत लोकांनीं मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून पेट्याच्या पेट्या विकत घेऊन न उघडतां माळ्यावर ठेविल्या. कंपन्यांनींही अमाप छापिलीं. १९९४ च्या ऑगस्टांत खेळाडूंनीं संप केला, त्या वर्षींचा अंतिम विजयमालेचा सोहळाच झाला नाहीं, लोकांचें मन विटलें, आणि त्या पेट्यांतील बहुतेक कार्डांस आज कोणी विचारीत नाहीं.

१९९१ सालीं एक नवा धंदा निघाला. कार्ड तपासून त्यास एक ते दहा गुण द्यावयाचे व मग तें टणक प्लॅस्टिकच्या पेटींत कायमचें बंद करावयाचें. खोटें कार्ड ओळखण्यास ह्याचा उपयोग आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी मुलाच्या हातास लागूं नये म्हणून बंद केलेलें मुलाचें खेळणें पाहून मनास कसेंसेंच होतें. बरें, गुण देऊनही लबाडी थांबते असें नाहीं. ज्या वॅग्नरच्या कार्डास सर्वांत उत्तम म्हणून मान मिळाला होता व जें २००७ सालीं २८ लाख डॉलरांस गेलें, त्याच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या अशी कबुली लिलावाचा धंदा करणाऱ्या एका प्रसिद्ध इसमानें २०१३ सालीं कोर्टापुढें दिली.

ह्याच्या उलट एका गरीब संग्राहकाची हकीकत सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज गांवचा, एका विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम करणारा अविवाहित मनुष्य. संधिवातानें त्याचीं बोटें वांकडीं झालेलीं. तंबाखूचीं, मिठाईचीं, जाहिरातींचीं, सणांचीं अशीं सर्व तऱ्हेचीं छापील कार्डें त्यानें जन्मभर जमविलीं, आणि १९३९ सालीं त्यांचा असा कांहीं तपशीलवार कॅटलॉग केला कीं, वॅग्नरच्या मालेस आजही जें सांकेतिक नांव चालतें तें त्यानेंच दिलेलें आहे. हा सगळा संग्रह, तीन लाखांहून अधिक नग, त्यानें विकला नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमास देऊन टाकिला. म्यूझियमनें अट घातली कीं, मांडणी तुम्हींच करावी. १९४७ पासून तो तेथें येऊन त्या वांकड्या बोटांनीं एकेक कार्ड वहींत चिकटवूं लागला. १९६३ च्या जानेवारींत शेवटचें कार्ड चिकटविलें, उठला, आतां पुन्हां येणें होणार नाहीं असें सांगून गेला, आणि दोन महिन्यांनीं वारला. शुभवर्तमानांतील मोत्यांच्या व्यापाऱ्यानें एका मोत्यासाठीं सर्वस्व विकलें. ह्या गृहस्थानें मोतीं जमवून तीं सर्वांसाठीं ठेवून दिलीं. बाजारांत त्याच्यासारखा एक जरी माणूस असला तरी तो बाजार अगदींच वाईट म्हणवत नाहीं.

आतां तें देणें. आमच्या लहानपणीं शब्बाथशाळेंत हजेरीबद्दल पवित्र शास्त्रांतील प्रसंगांचीं रंगीत चित्रकार्डें मिळत. दोन नोहा दिल्यावर एक सिंहांच्या गुहेंतला दानिएल मिळे, असा भाव आम्हां मुलांत चाले. पाळकसाहेबांस कळलें असतें तर काय म्हणाले असते कोण जाणे. वडील संध्याकाळीं कंदिलाच्या उजेडांत तीं कार्डें आमच्याकडून लावून घेत व प्रत्येकाची गोष्ट विचारीत. हें सर्व आम्हीं भोगिलें होतें. असें असूनही २००९ च्या सुमारास आठवीच्या वर्गांत एका मुलाच्या बांकाखालीं कुस्तीगीरांच्या ट्रम्प कार्डांनीं भरलेला पत्र्याचा डबा सांपडला, तेव्हां आम्हीं तो काढून घेतला, पालकांस घेऊन ये असें सांगितलें, व कपाटांत टाकिला. पालक आले नाहींत. मुलगा दोनदां येऊन दाराशीं उभा राहिला. कामांत होतों म्हणून आम्हीं त्यास परत पाठविलें. मेमध्यें कपाटें साफ करितांना डबा रद्दीबरोबर गेला. पुढें दुसऱ्या एका मुलाकडून कळलें कीं, तीं कार्डें त्याचा बाप मुंबईहून सुटीस येतांना एकेक पुडा आणीत असे, आणि त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास तो वारला होता. म्हणजे पालकांस आण असें आम्हीं सांगितलें तेव्हां आणावयास कोणी उरलें नव्हतें. डब्याच्या झांकणास पोंचा होता व त्यावर बिस्किटांचें चित्र होतें इतकें आठवतें. मुलाचें आडनांव आठवत नाहीं, आणि जुन्या हजेरीपटांतून शोधण्याचे आमचे प्रयत्न व्यर्थ गेले.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या ओसरीवर दोन बांकें मांडावीं. टपालाचीं तिकिटें, काड्यापेटीचीं चित्रें, नाणीं, क्रिकेटचीं वा कुस्तीचीं कार्डें, ज्या मुलाकडे जें असेल तें त्यानें आणावें व अदलाबदल करावी. तेथें पैसा चालणार नाहीं, बंद पाकीट चालणार नाहीं, आणि ज्यास किंमत ठाऊक असेल त्यानें ती आधीं सांगावी. पालकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं येऊन बसावें. मुलांपेक्षां त्यांस कमी कळत असेल तर फारच उत्तम. आमच्या वडील शिक्षकबंधूंनीं हा प्रकार जुगाराकडे वळतो कीं काय हें पाहण्यासाठीं पहिल्या शनिवारीं स्वतः हजर राहण्याचें कबूल केलें आहे व हेडमास्तरसाहेबांनीं दोन बांकांस संमति दिली आहे.

वर्गांत जप्त झालेल्या वस्तूंसाठीं आम्हीं एक वही घातली आहे. तींत वस्तु, मुलाचें पूर्ण नांव व तारीख लिहून मुलाची सही घेतों, आणि त्याच शनिवारीं वस्तु परत देतों. हा मजकूर त्या डब्याच्या मालकाच्या वाचण्यांत आला, तर त्यानें शाळेच्या पत्त्यावर चार ओळी अवश्य लिहाव्या.